प्रोटॉन नेमका बसला कुठे? गंधकसेतू असलेल्या ॲरोमॅटिक संयुगांचा सुपरॲसिडमधला अभ्यास, नवख्यांसाठी

दोन बेंझिन वलयांच्या मध्ये गंधकाचा अणू आला की एक देखणं कुटुंब तयार होतं: थायअँथ्रीन, डायबेंझोथायोफिन, फिनॉक्सॅथिन, थायोझँथोन, फिनोथायझीन. ही संयुगं सुपरॲसिडमध्ये, म्हणजे शुद्ध सल्फ्युरिक आम्लापेक्षाही तीव्र आम्लात, विरघळवली की त्यांना प्रोटॉन चिकटतो, आणि तो कुठे चिकटला हे शोधायचं असतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला हा विषय हाती आलेल्या मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे. बहुतेक जण थेट सर्वात जहाल आम्लापासून सुरुवात करायला बघतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. सौम्य आम्लापासून एकेक पायरी चढा, आणि प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट सिद्ध करा: रेणूत प्रोटॉन आला, की रेणूतून इलेक्ट्रॉन गेला?

हा विषय नुसता पुस्तकी नाही. चेंबूरजवळच्या माहुलला दोन मोठ्या रिफायनऱ्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भागांवर आली. डिझेलमधून काढायला सर्वात चिवट असतात ती डायबेंझोथायोफिनची भावंडं, विशेषतः ज्यांच्या ४ आणि ६ या जागांवर मिथाइल गट आहेत ती. आम्ल उत्प्रेरकावर असा रेणू प्रोटॉन कुठे घेतो हे कळलं, तर त्याच्या पुढच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो. दुसरीकडे, जर्मनीत टोबियास रिटर यांच्या गटाने २०१९ साली थायअँथ्रीनचे सल्फोनियम क्षार वापरून ॲरोमॅटिक वलयावरचा ठरावीक हायड्रोजन बदलण्याची पद्धत मांडली, आणि या जुन्या रेणूकडे सगळ्यांचं लक्ष पुन्हा वळलं.

आधी प्रश्न कागदावर मांडा

प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर चार शक्यता लिहा. एक, प्रोटॉन गंधकावर बसला आणि सल्फोनियम आयन झाला. दोन, तो वलयातल्या कार्बनवर बसला. तिथे दोन हायड्रोजन असलेला संपृक्त कार्बन तयार झाला आणि त्या वलयाची ॲरोमॅटिकता मोडली. तीन, प्रोटॉन आलाच नाही, आम्लाने इलेक्ट्रॉन ओढून घेतला आणि मूलक-धनायन, म्हणजे एक एकटा (विषम) इलेक्ट्रॉन उरलेला धनायन, तयार झाला. चार, वलयाचं सल्फोनेशन झालं, म्हणजे वलयाला सल्फोनिक आम्लाचा गट चिकटला आणि तुमचं संयुगच बदललं. पुढचा प्रत्येक वर्णपट या चारपैकी काय खोडतो, एवढंच तपासायचं.

गंधकावर एकाकी इलेक्ट्रॉनजोड्या आहेत म्हणून प्रोटॉन तिथेच जाणार, असं गृहीत धरू नका. थायोफिनमध्ये तो गंधकावर न जाता शेजारच्या कार्बनवर बसतो. वायुरूप अवस्थेतली प्रोटॉन-आसक्ती, म्हणजे प्रोटॉन घेताना बाहेर पडणारी ऊर्जा, पाहा: बेंझिनची मोलमागे सुमारे ७५० किलोजूल, थायोफिनची ८१५, ॲनिसोलची ८४०, थायोॲनिसोलची ८७३. आकडे चढत जातात, पण प्रोटॉनची जागा त्यांतून कळत नाही. जागेसाठी संगणकावर रेणूच्या ऊर्जेचं गणन करावंच लागतं. थायअँथ्रीनमध्ये जेमतेम २२ अणू आहेत, त्यामुळे ऑर्का हे शैक्षणिक वापरासाठी मोफत असलेलं सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही हे काम करतं. गंधकावरचा प्रोटॉन, चार वेगवेगळ्या प्रकारच्या जागा असतील तर त्या चारही कार्बनवरचा प्रोटॉन, अशा सगळ्या रचना स्थिर करून त्यांच्या ऊर्जा एका तक्त्यात मांडा. त्याच रचनांचे अपेक्षित एनएमआर विस्थापनांचे आकडेही, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक हायड्रोजन किंवा कार्बनची रेषा कुठे दिसेल तेही, काढून ठेवा. हे सगळं आम्लाची बाटली उघडण्याआधी व्हायला हवं. नंतर केलेलं गणन नकळत हाती आलेल्या वर्णपटाकडे झुकतं.

आम्लांची शिडी

१०० टक्के सल्फ्युरिक आम्लापेक्षा तीव्र ते सुपरॲसिड, ही गिलेस्पी यांची व्याख्या सर्वमान्य आहे. मोजपट्टी हॅमेट फलनाची: आकडा जितका जास्त उणे, तितकं आम्ल तीव्र. तिच्यावर १०० टक्के सल्फ्युरिक आम्ल उणे १२ च्या आसपास, ट्रायफ्लिक आम्ल उणे १४, फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल उणे १५. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्लात अँटिमनी पेंटाफ्लुओराइड मिसळलं की ते ‘मॅजिक ॲसिड’ होतं आणि आकडा उणे २० च्याही खाली उतरतो. मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे दर एका अंकाला दहापट. अशा माध्यमांत कार्बनचे धनायन स्थिर ठेवून त्यांचे वर्णपट घेणाऱ्या जॉर्ज ओला यांना १९९४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

साध्या अ‍ॅलिफॅटिक सल्फाइडच्या संयुग्मी आम्लाचा, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा, पीकेए उणे ७ च्या आसपास असतो; म्हणजे तेही प्रोटॉन सहज सोडून देतं. गंधकाला दोन वलयं चिकटली की त्याचे इलेक्ट्रॉन वलयांत वाटले जातात आणि प्रोटॉन घेणं आणखी जड जातं. म्हणून ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल इथे पुरत नाही; त्याचा उपयोग फक्त ‘काहीच झालं नाही’ हा पायाभूत वर्णपट घेण्यासाठी. तोही घ्याच.

पहिली खरी पायरी थायोझँथोनची असू द्या. त्यात गंधकासोबत कार्बोनिल गट आहे आणि प्रोटॉन सरळ त्या ऑक्सिजनवर बसतो. साध्या संहत सल्फ्युरिक आम्लातच ते विरघळून पिवळं द्रावण देतं आणि हिरवट चमकतं. आयन स्थिर, वर्णपट स्वच्छ. उणे तापमान लागत नाही, हायड्रोजन फ्लुओराइडची धास्ती नाही. आम्लातला नमुना एनएमआर नळीत कसा भरायचा, संदर्भ कसा लावायचा, आम्लाचा राक्षसी सिग्नल कसा दाबायचा, हे सगळं इथे शिकून घ्या.

थायअँथ्रीन मात्र संहत सल्फ्युरिक आम्लात टाकलं की जांभळं होतं. दिसायला विलक्षण सुंदर, आणि नवख्यांची सर्वात जास्त दिशाभूल करणारं दृश्य हेच. तो रंग प्रोटॉन घेतलेल्या रेणूचा नाही, तो मूलक-धनायनाचा आहे. सल्फ्युरिक आम्लाने इथे आम्लाचं नाही, ऑक्सिडीकारकाचं काम केलं. दृश्य वर्णपटात ५४० नॅनोमीटरच्या आसपास पट्टा आणि ईपीआरमध्ये, म्हणजे फक्त विषम इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या वर्णपटात, पाच रेषांचा संच दिसला की शंका मिटते. विषम इलेक्ट्रॉन २, ३, ७, ८ या जागांवरच्या चार सारख्या हायड्रोजनांशी बोलतो, म्हणून रेषा पाच.

त्यानंतर ट्रायफ्लिक आम्ल. माझ्या मते नवख्याने बराचसा काळ याच पायरीवर घालवावा. ते सल्फोनेशन करत नाही, सहज ऑक्सिडीकरण करत नाही, पाण्याशी आल्यावर हायड्रोजन फ्लुओराइड सोडत नाही. मात्र ते उणे ४० अंशांच्या सुमारास गोठतं, त्यामुळे आणखी खाली जायचं तर सौम्य करायला द्रावक लागतो. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल त्याच्या पुढे, आणि अँटिमनी पेंटाफ्लुओराइड शेवटी, तेही गरज सिद्ध झाल्यावरच. अँटिमनी पेंटाफ्लुओराइड स्वतः ऑक्सिडीकारक आहे. थायअँथ्रीनसारख्या सहज इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या रेणूवर ते ओतून ‘प्रोटॉनीकरण होत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे त्या रेणूवर अन्याय आहे.

मुंबईची हवा

जून ते सप्टेंबर या शहरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचं. सुपरॲसिडसाठी पाणी म्हणजे आम्लारी: प्रत्येक पाण्याचा रेणू एक प्रोटॉन गिळून हायड्रोनियम होतो आणि आम्लाची तीव्रता झरझर घसरते. शिवाय सुक्या बर्फाच्या पात्रात बुडवलेल्या नळीवर बाहेरून दवाचा थर चढतो, आणि झाकण उघडलं की त्यातलाच थेंब आत जातो. म्हणून वर्षाचं नियोजन ऋतूनुसार करा. आम्लाचं ऊर्ध्वपातन डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल १६३ अंशांना आणि ट्रायफ्लिक १६२ अंशांना उकळतं, दोन्ही कोरड्या नायट्रोजनखाली काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातित होतात. लहान लहान कुप्यांत भरून बंद करा, एका प्रयोगाला एक कुपी. मोठी बाटली दर वेळी उघडत राहिलात तर जुलैपर्यंत तिच्यात काय आहे हे सांगता येणार नाही. पावसाळ्यात गणन करा, वाचन करा, थायोझँथोनचे प्रयोग करा.

काचेचं सामान, टेफ्लॉनच्या नळ्या, प्लास्टिकचे चंचुपात्र हे प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं. आम्लं मात्र संस्थेच्या खरेदी विभागाकडूनच, शुद्धतेच्या प्रमाणपत्रासह मागवा.

सुरक्षेबद्दल, घाई न करता

हा भाग मार्गदर्शकांसोबत बसून वाचा. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल आणि अँटिमनी पेंटाफ्लुओराइड ओलाव्याशी आले की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं. त्याचा दाह लगेच कळत नाही, काही वेळा तासांनी कळतो, आणि तोवर फ्लुओराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधत असतं. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताच्या अंतरावर, मुदत तपासून ठेवलेली हवी. त्वचेवर शिंतोडा उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळत राहा आणि त्याच वेळी कोणीतरी रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करावी. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रासायनिक दाहावर उपचार होतात हे आधी चौकशी करून फोन नंबरसह भिंतीवर लावा. दुपारच्या वाहतुकीत किती वेळ लागेल तेही धरून चाला.

पातळ नायट्राइल हातमोजे पुरे नाहीत. त्यांच्यावर निओप्रीन किंवा ब्यूटाइल रबराचे जाड हातमोजे, पूर्ण चेहऱ्याची ढाल आणि ॲप्रन. धूर-कपाटाचा पंखा खरोखर ओढतो आहे ना, ते रोज बघा. वीज गेली की तो थांबतो, तेव्हा काम तिथेच थांबवायचं. एकट्याने कधीही नाही, रविवारी नाही, उशिरा रात्री नाही. ज्या प्रयोगशाळेत या आम्लांची सवय असलेला कोणी नाही, तिथे ट्रायफ्लिक आम्लाच्या पुढे जाऊ नका.

नमुना बनवणं

संयुग आधी शुद्ध करा. थायअँथ्रीनमध्ये त्याच्याच सल्फॉक्साइडचा, म्हणजे गंधकावर ऑक्सिजन चिकटलेल्या रूपाचा, अंश असतो, आणि सल्फॉक्साइड तीव्र आम्लात मूलक-धनायन तयार करतं. म्हणजे शुद्धीकरणात केलेली कुचराई पुढे ‘ऑक्सिडीकरण’ म्हणून दिसते. पुनर्स्फटिकीकरण, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, वितळणबिंदू, हे तिन्ही करा.

थंड द्रावक म्हणून सल्फ्युरिल क्लोराइड फ्लुओराइड चांगलं. ते ७ अंशांना उकळतं आणि उणे १२४ अंशांपर्यंत द्रव राहतं. सल्फर डायऑक्साइड स्वस्त आहे, पण उणे ७२ अंशांना गोठतं आणि थोडं आम्लारीसारखं वागतं. ज्यांना दमा आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. दोन्हींमधला विरघळलेला ऑक्सिजन आर्गॉनचे बुडबुडे सोडून किंवा गोठवून-वितळवून काढा.

सुक्या बर्फात, म्हणजे उणे ७८ अंशांना, आम्ल आणि द्रावक एका नळीत. ३० मिलिग्रॅम थायअँथ्रीन, म्हणजे ०.१४ मिलिमोल, दुसऱ्या नळीत थोड्या थंड द्रावकात. पूर्ण विरघळलं नाही तरी चालतं. आता संयुग आम्लात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. उलटं कधीही नाही. संयुगात आम्ल घातलं तर सुरुवातीला संयुग जास्त आणि आम्ल कमी अशी अवस्था येते. प्रोटॉन घेतलेला रेणू न घेतलेल्या रेणूला भेटतो आणि नको त्या जोडण्या होतात. आम्ल संयुगाच्या किमान दहापट मोल असू द्या. पोलादी सुई वापरू नका: आम्ल तिला खातं, लोहाचे आयन नमुन्यात उतरतात आणि एनएमआरच्या रेषा पसरतात. काचेच्या ओढनळ्या वापरा. ढवळताना द्रावणाचा रंग लिहून ठेवा आणि फोटोही काढा. रंग पुरावा नसतो, पण पुन्हा प्रयोग करताना पहिली खूण तीच असते.

ड्यूटेरियमचा संदर्भ आम्लात मिसळता येत नाही. तो बंद केशनळीत भरून नळीत सोडतात. त्यासाठी ड्यूटेरियमयुक्त डायक्लोरोमिथेन घ्या. त्याचा उरलेला हायड्रोजन ५.३२ पीपीएमवर आणि कार्बन ५३.८ पीपीएमवर दिसतो (पुढचे विस्थापनांचे आकडेही पीपीएममध्येच आहेत). ॲसिटोन नको. केशनळी फुटली तर ॲसिटोन आणि सुपरॲसिड एकत्र येणं धोक्याचं आहे.

नमुना यंत्रापर्यंत नेणं

इथे मुंबईचं अंतर आडवं येतं. पवईला आयआयटीच्या विश्लेषण सुविधेत एनएमआर आणि ईपीआर दोन्ही आहेत. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. पण माटुंग्याला किंवा कलिन्याला बनवलेला उणे ७८ अंशांचा आम्लाचा नमुना तिथवर नेणं हा विचारच सोडा. लोकलमध्ये असे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि एलबीएस मार्गावर अडकलेल्या टॅक्सीत सुका बर्फ उडून जाताना नमुना तापतो. नमुना यंत्राच्या इमारतीतच बनवायचा. म्हणजे त्या संस्थेतल्या एखाद्या गटाशी सहकार्य, तिथल्या धूर-कपाटाची परवानगी, आणि यंत्र सांभाळणाऱ्यांशी आधी सविस्तर बोलणं. त्यांना आम्लाचं नाव, प्रमाण, नळीची जाडी, सर्वात कमी तापमान आणि नळी फुटली तर काय करायचं हे लिहून द्या. त्यांचं यंत्र कोट्यवधींचं आहे, त्यांनी शंभर प्रश्न विचारले तर ते योग्यच आहे. या मंडळींकडून मी जेवढं शिकलो तेवढं कोणत्याही वर्गात शिकलो नाही.

नळी यंत्रात सोडण्यापूर्वी बाहेरचं दव पुसा आणि कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह चालू असल्याची खात्री करा. तापमान मिथेनॉलच्या प्रमाण नमुन्याने तपासा. पडद्यावर दिसणारा आकडा आणि नळीतलं तापमान यांत काही अंशांचा फरक असतो.

वर्णपट वाचणं: रेषा मोजा

विस्थापनांच्या आकड्यांत शिरण्याआधी कार्बनच्या रेषा मोजा. थायअँथ्रीनमध्ये १२ कार्बन आहेत, पण रेणू इतका सममित आहे की उदासीन अवस्थेत तीनच रेषा दिसतात: क्लोरोफॉर्ममध्ये १२७.७, १२८.७ आणि १३५.६. एका गंधकावर प्रोटॉन स्थिर बसला तर दोन गंधक वेगळे पडतात, दोन वलयं मात्र सारखीच राहतात, रेषा सहा. वलयातल्या कार्बनवर बसला तर सगळी सममिती जाते; रेषा बारा, आणि त्यांतली एक संपृक्त कार्बनची, बेंझिनियम आयनात असते तशी ५० च्या परिसरात. दोन्ही गंधकांवर प्रोटॉन गेले तर पुन्हा तीन. आणि एकच प्रोटॉन दोन गंधकांमध्ये झपाट्याने उड्या मारत असेल तरीही तीनच. शेवटच्या दोन शक्यता वेगळ्या करायला तापमान उतरवत जा: उड्या मंदावल्या की रेषा आधी रुंद होतात, मग सहा होतात. दुहेरी प्रोटॉनीकरणात असं काही होत नाही. वलय-जोडणीच्या कार्बनांना हायड्रोजन नसतो, ते सावकाश शिथिल होतात, म्हणून दोन स्पंदांमधला काळ पुरेसा ठेवा. नाहीतर रेषा हजर असून मोजणीत येणार नाहीत.

डायबेंझोथायोफिनला ही युक्ती अर्धीच चालते. उदासीन रेणूच्या सहा रेषा आणि गंधकावर प्रोटॉन बसल्यावरही सहाच. तिथे रेषा किती सरकल्या हे गणनाच्या तक्त्याशी ताडून पाहावं लागतं. बारा दिसल्या तर मात्र प्रोटॉन कार्बनवर आहे.

हायड्रोजनच्या वर्णपटात गंधकावरचा प्रोटॉन शोधा. अ‍ॅलिफॅटिक सल्फाइडमध्ये तो सहाच्या आसपास येतो. वलयांच्या शेजारी जागा बदलते. कार्बन-हायड्रोजन सहसंबंधाच्या द्विमितीय वर्णपटात ज्या सिग्नलला समोर कार्बनच नाही, तो उमेदवार. आम्लाचा आणि हायड्रोनियमचा सिग्नल दहाच्या आसपास किंवा त्याहून पुढे असतो, त्यांना गंधकावरचा प्रोटॉन समजू नका. तो दिसलाच नाही, तर आम्लाशी त्याची देवाणघेवाण वेगात चालू असू शकते. न दिसणं हा प्रोटॉन नसल्याचा पुरावा नाही.

सगळ्या रेषा पसरट झाल्या असतील तर मूलक-धनायनाचा संशय घ्या आणि तोच नमुना ईपीआरमध्ये घाला. आणखी एक सापळा आहे. दोन इलेक्ट्रॉन गेले तर विषम इलेक्ट्रॉन उरत नाही, रेषा पुन्हा टोकदार होऊ शकतात आणि सममितीमुळे त्या तीनच असतात. म्हणून तीन टोकदार रेषा म्हणजे दुहेरी प्रोटॉनीकरण असं थेट लिहू नका. त्याचा निकाल पुढच्या पायरीवर लागतो.

आम्ल मोडून काय परत येतं ते पाहा

वर्णपट झाला की थंड नमुना, थेंब थेंब, प्लास्टिकच्या पात्रातल्या भरपूर बर्फावर आणि सोडियम बायकार्बोनेटवर सोडा. पाणी आम्लात कधीही नाही. मग सेंद्रिय द्रावकाने संयुग काढा आणि तपासा. नुसतं प्रोटॉनीकरण झालं असेल तर मूळ थायअँथ्रीन जवळजवळ सगळं परत मिळायला हवं. मूलक-धनायन असेल तर पाण्याशी त्याची वेगळीच क्रिया होते: दोन मूलक-धनायनांमागे एक थायअँथ्रीन आणि एक थायअँथ्रीन सल्फॉक्साइड. म्हणजे निम्मं-निम्मं. या क्रियेचा हेन्री शाइन यांनी कसून अभ्यास केला आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वात बोलकी चाचणी वाटते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. दोन इलेक्ट्रॉन गेले असतील तर मूळ संयुग क्वचितच परत मिळतं, ऑक्साइडच मिळतात. काहीच सेंद्रिय द्रावकात आलं नाही, तर सल्फोनेशन झालं असावं. सल्फोनिक आम्ल पाण्यातच राहतं.

हाच प्रयोग ड्यूटेरियमयुक्त आम्लात करून मास वर्णपट घ्या. गंधकावर बसलेला ड्यूटेरियम आम्ल मोडताना निघून जातो, वलयातल्या कार्बनवर आलेला मात्र राहू शकतो. पण वलयावरचं अगदी अल्प, क्षणिक प्रोटॉनीकरणही हळूहळू ड्यूटेरियम आत घेतं. म्हणून वेगवेगळ्या वेळांनी आम्ल मोडून वेग पाहा.

उरलेल्या पाण्यात फ्लुओराइड आणि अँटिमनी असतं. चुन्याने फ्लुओराइड बसवून, जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये नाव-तारीख लिहून संस्थेच्या घातक कचऱ्यात द्या. असा कचरा पुढे प्रक्रियेसाठी तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणी जातो. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही.

पुढचं संयुग

थायअँथ्रीनचे चारही प्रश्न निकाली निघाले की फिनॉक्सॅथिन घ्या. तिथे एका गंधकाच्या जागी ऑक्सिजन आहे, त्यामुळे उदासीन रेणूच्याच रेषा सहा असतात आणि रेषा मोजून भागत नाही. पण ऑक्सिजन शेजारच्या वलयाला जास्त इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा कार्बनवरचं प्रोटॉनीकरण गंधकाशी खरी स्पर्धा करतं, आणि बारा रेषांची शक्यता इथे गांभीर्याने तपासावी लागते. फिनोथायझीन सर्वात शेवटी. नायट्रोजनमुळे ते थायअँथ्रीनपेक्षा कितीतरी सहज इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे ऑक्सिजन काढण्याची आणि थंडीची शिस्त अंगवळणी पडल्याशिवाय त्यातून स्वच्छ वर्णपट मिळत नाही.